खाली ठेवता येणारा फोन

ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांमध्ये, सोसायट्यांच्या फलकांवर आणि घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये हल्ली एक सल्ला फार ठामपणे दिला जातो: अनोळखी नंबरावरून आलेला फोन उचलूच नये. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही; परंतु पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या माणसाला तो पाळता येण्यासारखा नाही, असे माझे मत झाले आहे. कोथरूड, सहकारनगर, औंध या भागांत अशी कितीतरी घरे आहेत, जिथे सत्तरी ओलांडलेली दोनच माणसे राहतात आणि मुले बंगळुरूला, नाहीतर अमेरिकेत असतात. या घरांचा रोजचा व्यवहार पाहिला, तर तो बराचसा अनोळखी नंबरांवरच चालतो. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस खालून फोन करतो, तपासणीसाठी रक्त घ्यायला येणारा मुलगा पत्ता विचारतो, कुरिअरवाला घरी कोणी आहे का याची खात्री करतो, नळ दुरुस्त करणारा प्रत्येक वेळी निराळ्या नंबरावरून बोलतो, आणि एखाद्या नातलगाला रुग्णालयात दाखल केल्याची बातमी येते तीही बहुधा कधी न पाहिलेल्या नंबरावरूनच. असा फोन न उचलण्याची किंमत त्या वयात मोठी असते. म्हणून फोन उचलावा की न उचलावा, या प्रश्नात मला फारसे तथ्य दिसत नाही. उचलल्यानंतर काय करावे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचा विचार आपण फार कमी केला आहे.

पडद्यावर दिसणारा नंबर आपल्याला किती सांगतो, हे आधी पाहिले पाहिजे. काही गोष्टी तो निश्चित सांगतो. १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातीच्या फोनांसाठी राखून ठेवलेले आहेत. बँका, वित्तसंस्था आणि सरकारी कार्यालये यांच्या सेवाविषयक फोनांसाठी दूरसंचार विभागाने २०२४ मध्ये १६०० ने सुरू होणारी मालिका दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही बँकांना अशा फोनांसाठी तीच वापरण्यास सांगितले. संदेशांच्या बाबतीत २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येऊ लागले आहे: जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि सरकारी संदेशासाठी जी. ही माहिती प्रत्येक घरात असावी. दहा आकडी साध्या मोबाइलवरून आलेला, ‘मी तुमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलतो आहे’ असे सांगणारा फोन तिच्यामुळे निदान पहिल्या क्षणी संशयाने ऐकला जाईल.

परंतु नंबराच्या आधारे खात्री बाळगणे धोक्याचे आहे. परदेशातून केलेला फोन ९१ ने सुरू होणारा भारतीय नंबर असल्यासारखा दाखवता येतो. ही लबाडी इतकी बोकाळली, की ती रोखण्यासाठी केंद्र सरकारला ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतंत्र यंत्रणा उभी करावी लागली. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेली सिमकार्डे बाजारात फिरतात. व्हॉट्सॲपवर तर गणवेशातील माणसाचे छायाचित्र आणि नावाआधी एखादे भारदस्त पद लावायला कोणाचीच परवानगी लागत नाही. फोन करणाऱ्याचे नाव दाखवणारी काही ॲप आहेत, पण त्यांतील नावे बहुतेक वेळा लोकांनीच भरलेली असतात, त्यामुळे तिथे दिसणाऱ्या ‘पोलीस’ या शब्दाला पुरावा मानता येत नाही. नंबर पाहून आपण फार तर अंदाज बांधू शकतो. फोन खरा की खोटा हे पुढच्या संभाषणात कळते, आणि तेही समोरचा काय सांगतो यापेक्षा तो आपल्याला काय करू देत नाही यावरून अधिक कळते. हे मला माझ्या मामांच्या घरी घडलेल्या प्रसंगातून समजले.

मामा सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. हिशेबाला पक्के, प्राप्तिकराचे विवरण मुदतीच्या कितीतरी आधी भरणारे, वीजबिलाच्या पावत्या वर्षवार लावून ठेवणारे. सहकारनगरमधल्या त्यांच्या घरी एका सकाळी फोन आला आणि त्यात आधी ध्वनिमुद्रित आवाज होता: तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डाचा गैरवापर झाला असून दोन तासांत तुमचे सर्व नंबर बंद करण्यात येतील, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. मामांनी नऊ दाबला. पलीकडचा तरुण अतिशय सभ्य हिंदीत बोलत होता. त्याने तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायला सांगितला, हा नंबर आपला नव्हे असे मामांनी म्हणताच ‘तसे असेल तर तुम्हीच तक्रार नोंदवा, मी तुम्हाला मुंबई पोलिसांशी जोडून देतो’ असे म्हणाला, आणि मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ सुरू झाला. पाठीमागे बोधचिन्ह लावलेली भिंत, खाकी गणवेश, टेबलावर फायली. हा दुसरा माणूस मराठी बोलत होता. तो एकदाही ओरडला नाही. ‘साहेब, तुम्ही सज्जन गृहस्थ दिसता, तुमच्या नावाचा कोणीतरी वापर केला आहे हे मला समजते, पण वरून आदेश आहे, चौकशी पूर्ण होईपर्यंत तुम्ही कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही आणि घरात कोणालाही सांगायचे नाही, पत्नीला सांगितलेत तर तीही सहआरोपी होईल,’ असे त्याने समजावून सांगितले. सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का असलेले एक पत्रही त्याने पाठवले. मामांनी खोलीचे दार आतून लावून घेतले.

त्यानंतर पैशांच्या ‘पडताळणी’चा भाग सुरू झाला. खात्यातील रक्कम एका सरकारी सुरक्षित खात्यात पाठवायची, तपासणी झाली की ती परत येईल, असे सांगण्यात आले. बचत खात्यातील रक्कम मामांनी नेटबँकिंगने पाठवली. मुदत ठेवी मोडण्यासाठी मात्र बँकेत जाणे भाग होते, आणि तिथल्या कर्मचाऱ्याने कारण विचारले तर ‘मुलीच्या फ्लॅटसाठी’ असे सांगायचे, हेही त्यांना पढवून झाले होते. एवढ्यात मामी जेवायला बोलवायला आली. आतून जे उत्तर आले त्यातला आवाज तिला ओळखीचा वाटला नाही. लग्नाला पन्नासच्या आसपास वर्षे झालेल्या बाईला नवऱ्याच्या आवाजातला तो फरक कळला, याचे मोल मला फार वाटते. ती दारावर धडका मारत बसली नाही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंना तिने वर आणले. बाईंनी दार वाजवून एवढेच म्हटले, ‘भाऊ, जरा दार उघडा, मला चक्कर येते आहे.’ मामांनी दार उघडले. कोणाला मदत हवी असताना दार बंद ठेवणे त्यांना जमलेच नसते. बाईंनी आत जाऊन फोन हातात घेतला, बंद केला, आणि स्वतःच्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावला.

गेलेल्या रकमेतील काही भाग पुढच्या खात्यांत अडवला गेला आणि बऱ्याच महिन्यांनी, न्यायालयाच्या आदेशाने, परत मिळाला. उरलेला गेला तो गेलाच. पण मामांना पैशांपेक्षा नंतरच्या बोलण्याचा त्रास अधिक झाला. भेटायला येणारा प्रत्येक नातलग थोड्याफार फरकाने एकच वाक्य बोलत होता: इतका शिकलेला माणूस कसा फसला? त्या वाक्यात आश्चर्य असते, थोडी कीव असते, आणि आपण असे कधीच फसणार नाही अशी स्वतःची समजूत घालणेही असते. मामा कित्येक दिवस सकाळी तळजाईवर फिरायला गेले नाहीत. पुढे बऱ्याच काळाने, कोणी नसताना, ते मला म्हणाले, ‘पैसे जातील याची भीती मला वाटलीच नव्हती. नावाला डाग लागेल याची वाटत होती. आणि अधिकारी बोलत असताना फोन ठेवणे म्हणजे चौकशीला तोंड न देता पळून जाणे, असे मनाने घेतले होते.’

या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. फसवणूक मामांच्या अज्ञानावर उभी नव्हती. ती त्यांच्या चांगुलपणावर उभी होती. प्रश्न विचारला की उत्तर द्यावे, कायद्याच्या माणसाला सहकार्य करावे, समोरचा बोलत असताना मध्येच फोन आपटू नये, आपल्यामुळे घरच्यांना झळ लागू नये, या सगळ्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर पाळल्या आणि आम्हालाही शिकवल्या. त्या पिढीने टेलिफोन पाहिला तो अनेक वर्षांच्या प्रतीक्षायादीनंतर घरात आलेली मोलाची वस्तू म्हणून. शेजाऱ्यांचे निरोप त्यावर येत, परगावच्या फोनला मिनिटांचे पैसे पडत, आणि कोणाचा फोन अर्धवट ठेवला तर दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली जात असे. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला फोन ठेवणे हा उद्धटपणा वाटतो. सायबर गुन्हेगारांना हे नेमके माहीत आहे. त्यांची सगळी रचना, म्हणजे ते गणवेश, ते पत्र, ती सभ्य भाषा, फोन चालू राहावा एवढ्या एका गोष्टीसाठी केलेली असते.

म्हणून अनोळखी फोन ओळखण्याची मला पटलेली कसोटी एकच आहे: हा फोन मी आत्ता खाली ठेवला, तर काय होईल? फोन खरा असेल तर फारसे काही होत नाही. बँकेचा खरा कर्मचारी ‘ठीक आहे, शाखेत या’ असे म्हणतो. कुरिअरवाला पाकीट रखवालदाराकडे ठेवतो किंवा उद्या पुन्हा येतो. रुग्णालयातला माणूस आपण पुन्हा केलेला फोन घेतो. खऱ्या पोलिसाला तुम्हाला बोलवायचेच असेल, तर तो कायद्याने ठरवलेल्या रीतीने नोटीस देईल; अशी नोटीस व्हॉट्सॲप किंवा तत्सम माध्यमातून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलेले आहे. खोटा फोन मात्र ठेवलेला चालत नाही. आपण ठेवू लागलो, की समोरच्याचा सूर बदलतो, घाई वाढते, धमकी येते, किंवा एकदम गोड बोलणे सुरू होते. कोणत्याही सबबीखाली जो फोन आपल्याला खाली ठेवू देत नाही, तो खोटा, असे मी आता निःशंकपणे म्हणते.

मामांना जसे कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले, त्याला हे गुन्हेगार ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात; अशी तरतूद भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे देशाला सांगितले. तरीही गुन्हे इतके वाढत गेले, की ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली. हरियाणातील एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून लुबाडले होते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशातील लोकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. त्याआधीच्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. पोलीस, सीबीआय, ईडी, रिझर्व्ह बँक, यांपैकी कोणीही नागरिकाचा पैसा ‘तपासण्यासाठी’ दुसऱ्या खात्यात मागवत नाही. चौकशी सुरू असेल तर खाते गोठवले जाते. पैसे आहेत तिथेच राहतात. एवढी एक गोष्ट मामांना आधी ठाऊक असती, तर पत्रावरचा शिक्का कितीही खरा दिसला असता तरी त्यांनी रक्कम पाठवली नसती, असे ते स्वतः सांगतात.

ही कसोटी इतर प्रकारांनाही लागू पडते का, ते मी एकेक करून पाहिले आहे. २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रभर अनेकांना संदेश आले होते, की मागील बिल अद्ययावत नसल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर संपर्क साधा. महावितरण वैयक्तिक मोबाइल नंबरावरून असे संदेश पाठवत नाही, हे तेव्हा वारंवार जाहीर करण्यात आले. पुढे तोच प्रकार पाइपच्या गॅसच्या बिलाबाबत सुरू झाला. त्या ‘अधिकाऱ्या’ला फोन लावला, की तो एखादे ॲप घ्यायला सांगतो, आणि ते ॲप आपला पडदा त्याला दाखवू लागते, मग आलेला ओटीपी त्याला विचारावाही लागत नाही. इथेही फोन खाली ठेवून, बिलावर छापलेल्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर आपण स्वतः चौकशी केली तर दोन मिनिटांत उलगडा होतो. साडेनऊची मुदत दिलेली असते ती या दोन मिनिटांसाठीच, म्हणजे ती आपल्याला मिळू नयेत म्हणून. जुनी वस्तू विकायला काढलेल्या माणसाला ‘पैसे पाठवतो, फक्त पिन टाका’ असे सांगणारा फोनही याच जातीचा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो द्यायलाच लागतो. पण घाईने बोलणाऱ्या माणसाच्या ओघात हे साधे सत्य निसटून जाते. फोन ठेवून क्षणभर बसले, की ते आपोआप आठवते.

सर्वांत कठीण फोन म्हणजे मुलाबाळांच्या नावाने येणारा. तुमचा मुलगा एका प्रकरणात सापडला आहे, तुमच्या मुलीला अपघात झाला आहे, आणि मागून रडण्याचा आवाज. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ओळखीच्या आवाजाची नक्कलही करता येते. अशा वेळी कोणत्या आईला फोन ठेवता येईल? मी याचे उत्तर फार सोपे आहे असे म्हणणार नाही. पण मुलाशी बोलण्याचा मार्ग त्या फोनमधून जात नाही, तो आपल्या स्वतःच्या फोनातील त्याच्या नंबरातून जातो, हे एकदा मनाशी ठरवलेले असले, तर त्या गोंधळातही हात तिकडे वळू शकतो. काही घरांनी आपसात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवला आहे, जो फक्त घरच्यांनाच माहीत असतो. मला ती कल्पना आवडली. जुन्या वाड्यांतून मुलांना शाळेतून आणायला कोणी वेगळे माणूस गेले तर अशीच खूण दिली जात असे.

फोन ठेवल्यावर पडताळणीचा नंबर कुठून घ्यायचा, यातही एक खाच आहे. इंटरनेटवर शोधून मिळालेला ग्राहक सेवेचा नंबर पुष्कळदा फसवणाऱ्यांनीच टाकलेला असतो. नंबर घ्यावा तो पासबुकावरून, कार्डाच्या पाठीवरून, छापील बिलावरून. तसेच ‘नेटवर्क सुधारण्यासाठी’ किंवा ‘पार्सल पोहोचवण्यासाठी’ म्हणून फोनवर तारका, काही आकडे आणि मग दहा आकडी नंबर दाबायला सांगितले, तर ते मुळीच करू नये; त्यातून आपल्याला येणारे फोन दुसऱ्याच्या फोनकडे वळवले जातात आणि बँकेचा खातरजमेचा फोनही त्यालाच जातो. याच कारणाने एप्रिल २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने अशा संकेतांनी फोन वळवण्याची सोय स्थगित करायला लावली होती. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचा दंड म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइलही, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, अशीच टाळावी. या गोष्टी मी थोडक्यात सांगते आहे, कारण नवी युक्ती महिन्यागणिक येते आणि प्रत्येक युक्ती पाठ करणे कोणालाच शक्य नाही.

फोन ठेवणे हे मात्र शिकता येते, आणि ते शिकावे लागते. आमच्याकडे त्यासाठी एक वाक्य ठरले आहे: ‘मला आत्ता बोलता येणार नाही, मी चौकशी करून स्वतः फोन करेन.’ एवढे म्हणायचे आणि उत्तराची वाट न पाहता ठेवायचे. यात कोणाचा अपमान नाही. समोरचा माणूस खरा असेल तर त्याचेही नुकसान नाही. पुण्यात आपल्याला वाद घालायची हौस आहे, चुकीचे बोलणाऱ्याला दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही, आणि काही जण तर असा फोन मुद्दाम लांबवून त्या माणसाची फजिती करू पाहतात. ते करू नये, असे मी कळकळीने सांगते. त्या माणसाचा व्यवसायच संभाषणाचा आहे. आपण बोलत राहतो तेवढा वेळ तो आपले वय, आपली भाषा, घरात कोण आहे, बँक कोणती, हे टिपत असतो.

त्याला शिव्या देऊ नयेत असेही मला वाटते, आणि त्याचे कारण वेगळे आहे. पलीकडे बसलेला प्रत्येक जण स्वखुशीने बसलेला नसतो. नोकरीच्या जाहिरातींना भुलून थायलंडमार्गे नेलेल्या आणि मग म्यानमार, कंबोडिया, लाओस येथील बंदिस्त आवारांत फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीय मुलांच्या हकिगती आता सर्वांना ठाऊक आहेत. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणण्यात आले. आपल्याला खोटे बोलून घाबरवणारा आवाज स्वतःच घाबरलेला असू शकतो, ही जाणीव झाल्यापासून माझा राग त्या आवाजावरून हटून ती आवारे चालवणाऱ्यांकडे आणि त्यांना इथून साहाय्य करणाऱ्यांकडे वळला आहे. साहाय्य इथूनच होते. लुबाडलेला पैसा ज्या खात्यांतून फिरतो, ती खाती कोणाची तरी असतात. थोड्या कमिशनसाठी आपले खाते ‘वापरायला’ देणारे तरुण त्यात सापडतात. पुणे हे विद्यार्थ्यांचे शहर आहे. घरभाडे आणि मेसचे पैसे जुळवताना मेटाकुटीला आलेल्या एखाद्या मुलाला अशी विचारणा झाली, तर तो आपण गुन्ह्यात उतरतो आहोत हे न समजताच होकार देईल, आणि पोलीस पहिल्यांदा पोहोचतील ते त्याच्याच दारात. वृद्धांना सावध करणाऱ्या व्याख्यानांइतकीच व्याख्याने वसतिगृहांतून झाली पाहिजेत.

पैसे गेलेच, तर पहिला तास फार मोलाचा असतो. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून चार खात्यांत असा काही मिनिटांतच विखुरतो; तो काढून घेतला जाण्याआधी कोणत्या तरी बँकेत अडवता आला तरच हाती लागतो. २०२१ मध्ये गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने तक्रार आणि बँका यांना जोडणारी यंत्रणा सुरू केली, आणि १९३० हा तिचा दूरध्वनी क्रमांक आहे. आपले घर पुणे पोलिसांच्या हद्दीत येते की पिंपरी-चिंचवडच्या, हा विचार करत बसण्याची त्या वेळी गरज नाही. क्रमांक सगळीकडे हाच आहे. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव एवढे कागदावर लिहून घेऊन फोन लावावा, आणि लगेच आपल्या बँकेलाही कळवावे. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरील चक्षू या सुविधेत त्याची नोंद करता येते. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हेही तिथेच पाहता येते, आणि ते प्रत्येकाने एकदा पाहावेच.

पण १९३० लावायला उशीर होतो तो बहुतेक वेळा लाजेपोटी. आई-वडील मुलांना सांगत नाहीत, कारण मुले रागावतील. ‘तुम्हाला कितीदा सांगितले होते’ हे वाक्य ऐकण्यापेक्षा पैसे गेलेले बरे, असे त्यांना वाटते, आणि गुन्हेगाराने घातलेली गुप्ततेची अट अशा रीतीने घरातली माणसेच पुढे चालवतात. माझ्या मामेबहिणीने या बाबतीत जे केले त्याचा मला आदर वाटतो. प्रसंग समजला त्याच रात्री ती बंगळुरूहून आली आणि तिने एकाही शब्दाने जाब विचारला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मामांना एवढेच सांगितले, ‘बाबा, पुन्हा असे काही झाले तर सर्वांत आधी मला सांगायचे. चूक कोणाची हे आपण कधीच बोलायचे नाही.’ हे वाक्य फसवणूक होण्याआधीच प्रत्येक घरात बोलले गेले पाहिजे. ते एकदा बोलले गेले, की ‘घरात कोणाला सांगू नका’ या हुकमाचा धाक पुष्कळसा ओसरतो.

मामांच्या इमारतीत आता एक व्यवस्था झाली आहे. प्रत्येक घरातील फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद आहे: बँकेच्या शाखेचा नंबर, वीज आणि गॅसचे ग्राहक क्रमांक, डॉक्टर, मुलगा किंवा मुलगी, १९३० आणि खालच्या बाई. ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत त्या बाईंनी नुसते भाषण न करता सराव सुरू केला आहे. एकाने फोन करणारा व्हायचे, धमकवायचे, गोड बोलायचे, रडायचेही. दुसऱ्याने ते ठरलेले वाक्य म्हणून फोन ठेवायचा. पहिल्या खेपेला बहुतेकांना ते जमत नाही. समोरचा ओळखीचा आहे, खोटे बोलतो आहे, हे माहीत असूनही ‘अहो, पण ऐकून तर घ्या’ म्हटले की माणसे थांबतात आणि ऐकून घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमू लागते. मामी आता ते फार चांगले करते. मामांनी अलीकडे फोन करणाऱ्या अधिकाऱ्याचे काम स्वतःकडे घेतले आहे, आणि तो माणूस कोणत्या शब्दावर आवाज उतरवत होता, कुठे थांबत होता, हे त्यांच्याइतके तिथे कोणालाच सांगता येत नाही.